४.६३ मोठे की ४.८? सातवीतल्या एका मुलीच्या दशांश-सरावाचं प्रकरण

दहा जोड्या. प्रत्येक जोडीतल्या मोठ्या संख्येला गोल करायचा, दोन्ही सारख्या वाटल्या तर मध्ये बरोबरचं चिन्ह द्यायचं. जूनच्या शेवटी सातवीच्या वर्गाला दिलेल्या या कागदावर एका मुलीला दहापैकी चार गुण मिळाले. तिच्याहून कमी गुणांचीही मुलं वर्गात होती. प्रकरण तिचं लिहितोय, कारण तिच्या चुका अतिशय शिस्तीत होत्या.

चुकलेल्या जोड्या: ४.८ आणि ४.६३, ०.५ आणि ०.३६, ०.७५ आणि ०.८, २.४३ आणि २.३१६, ३.७ आणि ३.०८, ०.५ आणि ०.५०.

बरोबर आलेल्या: ५.७३६ आणि ५.६२, ०.४२६ आणि ०.३, ७.९४२ आणि ७.६३, ४.४५०२ आणि ४.४५.

अशा कागदावर 'दशांश कच्चे, अधिक सराव आवश्यक' असा शेरा मारून मोकळं होता येतं. पण या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की दिसतं, मुलीनं एकही उत्तर अंदाजपंचे दिलेलं नाही. दहाच्या दहा ठिकाणी तिनं ज्या संख्येत दशांशचिन्हानंतर जास्त अंक आहेत तीच मोठी धरलीय. ०.५ आणि ०.५० मध्येसुद्धा गोल ०.५० ला. नियम एकच, आणि तो चार वेळा योगायोगानं बरोबर ठरला.

तिला जवळ बसवून विचारलं, "४.६३ मोठे कसे गं?"

"सर, चार तर दोन्हीकडं सारखेच. मग त्रेसष्ट आणि आठ. त्रेसष्टच मोठे ना."

"आणि ३.०८?"

"तिथं पण आठ आहेत. इकडं सात."

तिच्या डोळ्यांसमोर ४.६३ ही एक संख्या नाही, दोन आहेत: चार आणि त्रेसष्ट. मधला ठिपका म्हणजे त्या दोघांमधली भिंत. भिंतीच्या उजवीकडच्या अंकांनाही ती एकक-दशक-शतक असंच वाचते, कारण आजवर जिथं जिथं अंक ओळीनं आले तिथं ते तसेच वाचायचे होते.

ही काही आमच्या गावची खासियत नाही. इस्राएलमध्ये पर्ला नेशेर आणि इरित पेलेड यांनी १९८६ मध्ये मुलांच्या दशांशातल्या चुकांमागचे हेच ठरीव नियम मांडले. १९८९ मध्ये लॉरेन रेझ्निक यांच्यासोबतच्या अभ्यासात अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्स अशा तीन देशांतल्या मुलांत ते तपासले गेले. पुढे मेलबर्नला के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी अशा जोड्यांची नीट चाचणीच बांधली. तिच्यात गुणांपेक्षा कोणत्या प्रकारच्या जोड्या चुकल्या याला महत्त्व असतं. आमच्या दहा जोड्या त्याच धर्तीवर घेतल्या होत्या.

इतका सराव होऊनही हे टिकलं कसं?

मुलीची सहावीची वही मागवून घेतली. दशांशाची पानंच्या पानं भरलेली, अक्षर सुरेख, बहुतेक गणितांवर बरोबरच्या खुणा. लहान-मोठेपणाच्या जोड्या पाहिल्या तर ३.२५ आणि ३.५२, ०.७ आणि ०.४, १२.४५ आणि १२.५४. दोन्हीकडं चिन्हानंतर सारखेच अंक. अशा जोडीत भिंतीच्या नियमानं गेलं तरी उत्तर बरोबरच येतं. सराव भरपूर झाला होता आणि त्या प्रत्येक गणितानं तिचा चुकीचा नियम पक्का केला होता. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथंच आहे. मुलगी कमी पडली नव्हती, जोड्या निवडणारा कमी पडला होता.

त्यात रुपये-पैशांची भर. आपल्याकडं दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, आणि दशांश शिकवायला रुपया-पैशाएवढं सोयीचं उदाहरण नव्हतं. पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, दुकानदार घेत नाही. आज बारा वर्षांच्या मुलीनं पैसा हाताळलेलाच नाही. तिला ४८.५० रुपये म्हणजे 'अठ्ठेचाळीस रुपये आणि पन्नास कसलंतरी काही' एवढंच. शिवाय पैशांत चिन्हानंतर कायम दोनच अंक लिहिले जातात, म्हणजे लांबी पुन्हा सारखीच.

मुलांच्या अवतीभवतीचे ठिपके तर उघडउघड वेगळं शिकवतात. क्रिकेटमध्ये ४.५ षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू. साडेचार षटकं लिहायची तर ४.३ लिहावं लागतं आणि ४.५ नंतरच्या चेंडूला थेट पाच षटकं होतात. घड्याळात साडेसात म्हणजे ७.३०. पुस्तकात आकृती ३.९ नंतर आकृती ३.१० येते. या सगळ्या ठिकाणी ठिपका खरोखरच भिंत असतो. मूल जे पाहतंय त्यावरून तर्क करतंय, आणि तर्क वाईट नाही.

डेअरीची पावती

या मुलीच्या घरी एक म्हैस आहे. सकाळी शाळेला निघायच्या आधी डेअरीला दूध घालायचं काम तिचंच. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावात ही काही विशेष गोष्ट नाही, पण गणिताच्या मास्तराला आयतं घबाड आहे. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम असे पाच आकडे असतात आणि बहुतेक सगळे दशांशात.

तिला विचारलं, "काल फॅट किती लागली?"

"सहा पॉइंट नऊ."

"आणि त्याहून एक पॉइंट जास्त लागली असती तर?"

"सात." क्षणाचाही विलंब नाही.

"सहा पॉइंट दहा नाही?"

ती हसली. "सहा पॉइंट दहा कधी लागतच नाही, सर."

वहीत मात्र तिनं ६.७, ६.८, ६.९ नंतर ६.१० लिहिलेलं होतं. डेअरीत 'एक पॉइंट' म्हणजे फॅटचा एक दशांश, आणि दहा पॉइंट झाले की पुढचा पूर्णांक, हे तिला तोंडपाठ. त्यावर घरच्या पैशाचा हिशेब चालतो. फक्त हे ज्ञान आणि वहीतला ठिपका यांची गाठ कधी पडलेली नव्हती.

दुसरी गाठ लिटरची. "साडेसहा लिटर जास्त की सव्वासहा?" याचं उत्तर गावातलं पहिलीचं पोरही देईल. तिला ते दोन्ही आकडे कागदावर लिहायला सांगितले. तिनं ६.५ आणि ६.२५ लिहिले, बरोबर लिहिले. मग मोठ्याला गोल करायला सांगितलं तर पेन्सिल ६.२५ वर गेली आणि तिथंच थांबली. बराच वेळ ती कागदाकडं बघत राहिली. "सर, हे पंचवीस म्हणजे पंचवीस नाहीत का?"

आपल्या बोलण्यात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच इतके घट्ट बसलेत की मुलं अपूर्णांकांची तुलना न शिकताच करतात. दशांश शिकवताना हा खजिना आपण बाजूला का ठेवतो, कळत नाही. तरी त्याची मर्यादा लगेच जाणवते. पावाच्या पटीत बसत नाहीत त्या संख्यांपुढे, म्हणजे ०.३६ किंवा ०.४२६ पुढे, सव्वा-साडे काही कामाचे नाहीत. त्यासाठी हाताला लागेल असं साधन हवं होतं.

पट्ट्या

दर वर्षी पुस्तकातला शंभर घरांचा चौकोन रंगवून होतो. शतांशापर्यंत तो ठीक आहे, सहस्रांशाला हात टेकतो. शाळेच्या कपाटात लाकडी ठोकळ्यांचा संच असतो, पण त्यातला मोठा ठोकळा म्हणजे हजार हे मुलांना दुसरी-तिसरीपासून ठाऊक. त्यालाच आता 'एक' म्हण म्हटलं की निम्मा वर्ग तिथंच गळतो.

म्हणून लांबी घेतली. जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवून एक मीटरची पट्टी, तिचे दहा समान तुकडे, त्यातल्या काहींचे पुन्हा दहा. मीटरची पट्टी म्हणजे एक. डेसिमीटरचा तुकडा ०.१, सेंटिमीटरचा ०.०१, आणि मिलिमीटर कापता येत नसला तरी फूटपट्टीवर दिसतो, तो ०.००१. लांबीत 'मोठं' म्हणजे लांब, समजावून सांगायला काही उरत नाही.

०.८ साठी मुलीनं आठ मोठे तुकडे जोडून ठेवले. खाली ०.६३ साठी सहा मोठे आणि तीन बारीक. दोन ओळी बाकावर एकाखाली एक आल्यावर तिनं काही विचारलं नाही, ०.०८ मांडायला घेतलं. आठ बारीक तुकडे, तळहातापेक्षा थोडेच लांब. शेजारी ०.७ चे सात मोठे. ३.०८ ची चूक तिची तिनंच खोडली.

'शून्य जोडून अंक सारखे करा' ही युक्ती या काळात मी मुद्दाम बाहेर काढली नाही. ४.८ चे ४.८० केले की ऐंशी आणि त्रेसष्ट, चटकन उत्तर. शिकवणीत हीच शिकवतात आणि गुणही मिळतात. पण या युक्तीनं भिंत तशीच उभी राहते. मूल पुन्हा दोन पूर्ण संख्याच तोलतं, फक्त आता लांबी सारखी करून. ०.५ आणि ०.५० सारखे का, हे पट्टीवर पटल्यानंतर शून्य जोडावेत. आधी नको.

गुण वाढले आणि चूक उलटली

ऑगस्टमध्ये त्याच दहा जोड्या क्रम बदलून पुन्हा दिल्या. चारचे सहा झाले. कोणत्याही तक्त्यात ही प्रगतीच.

कागद मात्र वेगळंच सांगत होता. आधी चुकलेल्या सहाही जोड्या आता बरोबर, आणि आधी बरोबर आलेल्या चारही चूक. ५.७३६ आणि ५.६२ मध्ये गोल ५.६२ ला. ०.४२६ आणि ०.३ मध्ये ०.३ ला. ४.४५०२ पेक्षा ४.४५ मोठे. ०.५ आणि ०.५० मध्ये पट्टीच्या आठवणीनं बरोबरचं चिन्ह आलं होतं, बाकी सगळीकडं कमी अंकांची संख्या मोठी.

"सर, सहस्रांश म्हणजे एकदम बारीक तुकडे. शतांश त्याच्यापेक्षा मोठे. मग शतांशवाली संख्या मोठी."

हे वाक्य नीट वाचण्यासारखं आहे. पहिली दोन विधानं अगदी बरोबर. छेद मोठा तसा भाग लहान, हे ती व्यवहारी अपूर्णांकांतही शिकलेली. चूक एवढीच की शेवटच्या स्थानावरून ती सगळ्या संख्येला नाव देत होती, आणि सहस्रांशाच्या आधी सात मोठे तुकडे उभे आहेत याचा तिला विसर पडत होता. जास्त अंक म्हणजे मोठी, ही पहिली पायरी. जास्त अंक म्हणजे लहान, ही दुसरी. वाटेत ही दुसरी पायरी लागते हे अभ्यासकांना ठाऊक आहे, शाळेत ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कारण साधं आहे: परीक्षेत ४.८ आणि ४.६३ सारख्या 'फसव्या' जोड्याच घातल्या जातात, आणि या पायरीवरचं मूल त्यात पैकीच्या पैकी गुण घेतं. माझ्या दहा जोड्यांतल्या त्या चार नसत्या, तर हे प्रकरण 'यशस्वी' म्हणून इथंच मिटलं असतं.

इथं एका जुन्या माणसाची मदत झाली. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञानं १५८५ मध्ये 'डी टिंडे' नावाची छोटी पुस्तिका काढली. मोजणीदार, व्यापारी, खगोलशास्त्रज्ञ अशा रोज आकडेमोड करणाऱ्यांसाठी दशांशाची रीत त्यानं तिच्यात मांडली. आजचा ठिपका त्यात नाही. प्रत्येक अंकाला तो वर्तुळात लिहिलेला क्रमांक जोडतो. ८.९३७ लिहायचे तर आठला वर्तुळातला शून्य, नऊला एक, तीनला दोन, सातला तीन. हे आपण ५.७३६ वर करून बघू, असं म्हणून अंकांच्या डोक्यावर वर्तुळं काढली. पाचवर ०, सातवर १, तीनवर २, सहावर ३. खाली ५.६२: पाचवर ०, सहावर १, दोनवर २.

आता सारख्या क्रमांकाखालचे अंक समोरासमोर आले. शून्याला शून्य, पाच-पाच. एकाला एक, सात आणि सहा. तिनं पट्टीचे सात तुकडे आणि सहा तुकडे हातानं दाखवले, मग ५.६२ चे उरलेले दोन बारीक तुकडे सहाच्या पुढं लावून पाहिले. "हे दोन लावले तरी सातवा तुकडा भरत नाही." मग विचार करून, "दहा असते तर भरला असता. पण दहा झाले तर ते इकडंच आले असते." डावीकडून पहिला फरक जिथं पडतो तिथंच निकाल लागतो, हा नियम तिला सांगावा लागला नाही.

वर्तुळांचा फायदा असा की ती प्रत्येक अंकाला त्याचं स्थान परत देतात. ठिपका एका जागी बसून सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि मुलांना ते ऐकू येत नाही.

रोजच्या तीन जोड्या

यानंतर सरावाची रीत बदलली, सगळ्या वर्गासाठीच. तास सुरू होताना फळ्यावर तीन जोड्या, फार तर पाच-सात मिनिटं. एक लांब-अंकी लहान, एक लांब-अंकी मोठी, आणि तिसरी कुठलीही: कधी शून्याची (०.६ आणि ०, यात अडखळणारी मुलं असतात), कधी सारख्या किमतीची, कधी "३.४ आणि ३.५ च्या मध्ये एखादी संख्या लिहा" अशी. या शेवटच्या प्रश्नाला पहिल्या दिवशी 'मध्ये काही नाही' हे एकमुखी उत्तर होतं. गोलाशेजारी एका ओळीत कारण लिहायचं, आणि कारण नसेल तर बरोबर उत्तरालाही खूण नाही. या अटीवर सुरुवातीला बरीच कुरकुर झाली.

पानभर एकाच छापाची वीस गणितं आम्ही बंद केली. पालकांना वह्या रिकाम्या दिसायला लागल्या, त्यावर एक-दोघांनी विचारणाही केली. त्यांना वहीतली कारणं वाचून दाखवली.

बेरजेतल्या चुका यामुळं न शिकवताच कमी झाल्या. आधी २.५ + ३ चं उत्तर २.८ येत होतं, तीन उजव्या टोकाला चिकटायचा. ३.७ + ०.४५ मांडताना सदतीस आणि पंचेचाळीस उजवीकडून जुळवून ०.८२. वर्तुळं काढायची सवय लागल्यावर सारख्या क्रमांकाखालीच सारखा क्रमांक येऊ लागला. 'ठिपक्याखाली ठिपका' हा नियम पाठ करून घ्यायची गरज पडली नाही.

गुणाकाराला पुन्हा पावती. ३.४ लिटर, दर ४८.५०. आधी अंदाज: सव्वातीन-साडेतीन लिटर, पन्नासचा भाव, म्हणजे दीडशेच्या पुढं, पावणेदोनशेच्या आत. मग चिन्ह विसरून ३४ गुणिले ४८५, उत्तर १६४९०. ठिपका कुठं? १६.४९ म्हटलं तर डेअरीवाल्यानं फसवलं, १६४९ म्हटलं तर आपण त्याला. १६४.९०. घरं मोजून चिन्ह द्यायची रीत त्यानंतर सांगितली, ती पडताळा म्हणून. अंदाज आधी आला की चिन्ह चुकलेलं उत्तर मुलांनाच खटकतं.

०.६ लिटरला मात्र वर्ग अडला. ४८.५० ला ०.६ नं गुणून २९.१० आल्यावर निम्म्या मुलांनी 'गुणाकारानं वाढतं' म्हणून आपलंच बरोबर उत्तर खोडलं. ही मुलगी खोडणाऱ्यांत नव्हती. एक लिटर भरलंच नाही तर पूर्ण दर कसा मिळेल, असा तिचा सवाल होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी

तिसऱ्यांदा जोड्या दिल्या तेव्हा त्या नव्या होत्या, पण प्रकार तेच. तुलनेत तिची एकही चूक नव्हती, आणि कारणांच्या ओळी तुटक असल्या तरी तिच्या स्वतःच्या होत्या. "पहिल्या घरात ४, तिकडं ३, पुढचं बघायचं नाही." वर्गातली काही मुलं अजून दुसऱ्या पायरीवर आहेत, दोघं-तिघं पहिल्याच.

तिच्याकडंही दोन जागा कच्च्या आहेत. एक भागाकाराची. ८ ÷ ०.५ वहीत दिलं की उत्तर ४ येतं. आठ लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचं म्हटलं की १६. दोन्ही उत्तरं एकाच पानावर, आणि तिला त्यात अजून विसंगती दिसत नाही. दुसरी जागा ०.४ × ०.२. तिथं ०.८ येतं, आणि इथं पट्टी उपयोगाची नाही, कारण लांबीला लांबीनं गुणायचं तर क्षेत्रफळ लागतं. त्यासाठी बाजूला ठेवलेला शंभर घरांचा चौकोन परत काढलाय: एका बाजूला चार घरं, दुसऱ्या बाजूला दोन, शंभरातली आठ रंगवायची. सातवीत पुढं सरळव्याज येतं आणि साडेआठ टक्के म्हणजे ०.०८५ हे तिथं लागतंच, तेव्हा हे दोन्ही त्याआधी उरकायचं आहे.